पश्चिमेच्या उन्हातला गवताचा वाफा: सोबतीची झाडं कशी ठरली

पार्श्वभूमी

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या अंगाला असलेल्या एका बंगल्यातलं, मी सल्ला दिलेलं हे प्रकरण. कुटुंब मूळचं दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागायतदार. धाकटे भाऊ शेती सांभाळतात, थोरले नोकरीमुळे शहरात स्थायिक झाले. घरात दादा, वहिनी, दादांच्या आई आणि शाळकरी मुलं. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. झाडं, माती आणि पाण्याचं गणित मात्र जसंच्या तसं आहे.

बंगल्याच्या पश्चिमेला कंपाउंडच्या भिंतीलगत चाळीस फूट लांब आणि पाच फूट रुंद वाफा आहे. सकाळी घराचीच सावली पडते. साडेअकराच्या सुमारास ऊन येतं ते मावळेपर्यंत हटत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत भिंतही तापून उष्णता परत फेकते. ओट्यावर बसलं की तोंड पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळचं ऊन वाफ्याच्या मागून येतं. शोभेच्या गवतासाठी याहून चांगली जागा मागून मिळत नाही. तुऱ्यांमागून ऊन आलं तरच त्यांचं खरं रूप दिसतं.

माती काळी, चिकण. वाफ्याला दक्षिणेकडे किंचित उतार आहे. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप आणि धुण्याच्या दगडाचं पाणी दोन्ही त्याच टोकाला येतं. उत्तरेच्या टोकाला बांधकामाच्या वेळचा मुरूम आणि विटांचे तुकडे दबलेले. एकाच वाफ्यात एक टोक ओलं, एक कोरडं.

माझ्या पहिल्या भेटीच्या दोन वर्षं आधी या वाफ्यात लाल पानांच्या पेनिसेटम गवताचे बारा-चौदा ठोंब लावले होते. नर्सरीत त्याला ‘रुब्रम’ किंवा नुसतं ‘फाउंटन ग्रास’ म्हणतात. मधल्या जागांत गुलाब, पिटुनिया आणि सदाफुली होती. ही निवड वहिनींनी नर्सरीत उभं राहून, रंग बघून केली होती. तिथे त्या दिवशी सगळंच फुललेलं होतं.

अडचण

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाफा देखणा दिसायचा. बाकीचं वर्ष ओढाताण.

पहिलं कारण पाणी आणि खत. संपूर्ण वाफ्याला ठिबकची एकच लॅटरल म्हणजे नळी, एकच कॉक. गुलाबाला लागतं म्हणून पाणी जवळपास रोज सुटायचं. त्यातून दादांना द्राक्षाची सवय, म्हणून ठिबकमधूनच १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत जायचं. गुलाब खूश होते. गवताला मात्र ते मानवलं नाही. जास्त नत्र मिळालं की या गवताची पाती लांब, मऊ आणि लुळी होतात. जुलैच्या पहिल्या जोरदार सरीत ठोंब मधोमध फाकायचे आणि पेव्हर ब्लॉकच्या वाटेवर आडवे व्हायचे. माळीकाकांनी सुतळीने बांधून बघितलं. बांधलेल्या गवताची सगळी लय जाते, ते पेंढीसारखं दिसायला लागतं.

दुसरं, ऑगस्टमध्ये सदाफुली बुडातून काळी पडून मरायची. पिटुनिया मार्च संपता संपता करपायची. फेब्रुवारीत गवत कापलं की वाफ्यात वीत-वीतभर खुंट आणि काटेरी गुलाब, एवढंच जूनपर्यंत दिसायचं.

तिसरं, लव्हाळा. ठोंबांच्या मधून तो असा यायचा की गवत कुठलं आणि तण कुठलं हे लांबून कळायचं नाही.

चौथी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून बारीक हिरवी गवताची रोपं उगवत होती. मुलांनी ती उपटून खेळायला घेतली होती, म्हणून पहिल्याच भेटीत माझ्या नजरेस पडली. लाल ठोंबांमध्ये तीन ठोंब हिरव्या पानांचे होते. ‘ऊन कमी पडत असेल म्हणून हिरवे राहिले,’ असा घरच्यांचा समज होता.

वहिनी वैतागून म्हणाल्या, “येणारा प्रत्येक जण विचारतो, इतकं गवत का वाढू दिलंय? काढूनच टाकू या का?”

पर्याय

गवत काढून पूर्ण गुलाबाचा वाफा करायचा, हा पहिला पर्याय. दादांचा कल तिकडे होता. पण मे महिन्यातल्या पाण्याचा हिशेब मांडला की तो मागे पडत होता, आणि दुपारनंतर तापणाऱ्या भिंतीशी गुलाबाची फुलं एका दिवसात गळून जायची हा त्यांचा स्वतःचाच अनुभव होता.

दुसरा पर्याय, फक्त गवत ठेवायचं आणि मध्ये खडी पसरायची. खर्च कमी, काम कमी. पण फेब्रुवारी ते जून या काळात चाळीस फुटांवर खुंट आणि तापलेली खडी, हे रोज ओट्यावर बसणाऱ्या आईंच्या डोळ्यांसमोर ठेवणं मला पटलं नाही.

तिसरा पर्याय वहिनींनी मोबाइलवर साठवलेल्या फोटोंतला: लव्हेंडर, एकिनेशिया, सेडम आणि निळसर फेस्क्यू गवत. फोटो सुंदर होते आणि त्यातली जोडणी अभ्यास करण्यासारखी होती, पण ती थंड हवेच्या देशांतली. निळा फेस्क्यू थंडीत वाढणारं गवत आहे, आपल्या उन्हाळ्यात ते विझत जातं. लव्हेंडरला कोरडी हवा आणि झटकन निचरा होणारी जमीन लागते. काळ्या मातीत जुलै-ऑगस्टची सततची ओल ते काढत नाही. त्या फोटोंतून घ्यायची ती तत्त्वं. बारीक, उभ्या पात्यांशेजारी रुंद पान किंवा चपटं, गोल फूल हवं. सोबतीचं झाड गवताच्या निम्म्या उंचीपर्यंतच हवं, म्हणजे तुरे मोकळे राहतात. आणि गवत कापलेलं असतं तेव्हा दुसऱ्या कोणीतरी वाफा सांभाळायला हवा.

चौथा पर्याय, गवत ठेवायचं आणि सोबत बदलायची. त्यासाठी झाडं आपल्या हवेतली, उन्हाला न घाबरणारी शोधायची. हाच घेतला, पण त्यात चार ठिकाणी थांबून विचार करावा लागला.

निर्णय पहिला: पाणी आधी, रंग मागून

वाफ्यात दोन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घेतले, पाण्याने भरले, ते जिरल्यावर पुन्हा भरले. उत्तरेचा खड्डा थोड्या वेळात रिकामा झाला. दक्षिणेच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी होतं. सदाफुली का मरत होती याचं उत्तर तिथेच मिळालं.

यावरून वाफ्याचे दोन भाग पाडले. दक्षिणेच्या ओल्या पंधरा फुटांत वाळा आणि कर्दळ. वाळा पाणी साचलेलं सोसतो आणि पुढे कोरडंही सोसतो, मुळं खोल जातात, आणि तो ठोंबातच राहतो, पसरत नाही. कर्दळीला ओल आवडते, धुण्याच्या पाण्यावरही ती जोमाने वाढते, आणि तिच्या रुंद पानाइतका वाळ्याच्या पातीला उठाव देणारं दुसरं काही इथे टिकलं नसतं. उत्तरेच्या पंचवीस फुटांत लाल पेनिसेटम आणि कोरडं मागणारी मंडळी: गेलार्डिया म्हणजे फुलबाजारातला गलांडा, सदाफुली, कोरफड.

सदाफुली बाद करावी असा घरच्यांचा आग्रह होता. मी ती राखली. मरत होती ती साचलेल्या पाण्यामुळे. एप्रिल-मेच्या उन्हात सदाफुलीइतकी बिनतक्रार फुलणारी झाडं फार थोडी आहेत. तिच्याऐवजी चिनी गुलाब सुचवला गेला होता. तो उन्हाळ्यात छान, पण या वाफ्यात ऊनच साडेअकराला येतं आणि दुपार कलली की फूल मिटतं. घरातली माणसं ओट्यावर येतात ती पाचनंतर. सदाफुली तेव्हाही उघडी असते.

गुलाब पूर्वेच्या बाजूला हलवले. तिथे सकाळचं ऊन आहे, वेगळा कॉक आहे, आणि दादांना हवं तेवढं खत देता येतं.

निर्णय दुसरा: हिरवे ठोंब

हिरव्या पानांचं फाउंटन ग्रास आणि लाल रुब्रम एकाच नावाने विकलं जातं, पण वागणूक वेगळी. रुब्रमला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, ते ठोंब फोडूनच वाढवावं लागतं. हिरव्याचं बी वाऱ्याने उडतं आणि जिथे फट मिळेल तिथे रुजतं. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात हे गवत बागेतून निसटून माळरानांवर पसरलं आणि उपद्रवी ठरलं. मूळचं ते उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडचं, म्हणजे कोरड्या उन्हाळ्याची त्याला सवय आहे. नाशिकच्या भोवती अंजनेरीसारखी डोंगरपठारं आहेत, जिथे पावसाळ्यात आपलं गवत आणि रानफुलं एकत्र वाढतात. तिथे असलं परकं गवत पोहोचू नये असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना ते तीन ठोंब आवडत होते, कारण तेच सगळ्यांत दणकट होते. सांध्यांतली रोपं त्यांना दाखवली आणि गोष्ट पटली. तुरे यायच्या आत ठोंब मुळासकट काढले. सांध्यांतली रोपं त्यानंतरही येत राहिली, कारण बी जमिनीत होतंच. पाऊस पडून गेला की ती हाताने सहज निघतात.

निर्णय तिसरा: कापणी कधी

द्राक्षवाल्या घरात छाटणीची भीती नसते, हा मोठा फायदा. पण दादांच्या डोक्यात द्राक्षाचं वेळापत्रक होतं: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. गवतही ऑक्टोबरमध्ये कापावं असं त्यांना वाटत होतं. त्याच काळात गवत ऐन तुऱ्यात असतं.

दोन वेळा शक्य होत्या. फेब्रुवारीच्या शेवटी कापलं तर थंडी ओसरताच नवीन पाती येतात, पण ऐन उन्हाळ्यात त्यांना पाणी द्यावं लागतं. मेअखेरपर्यंत थांबलं तर पाणी वाचतं आणि वाळकं गवत बुडाशी सावली धरतं, पण तीन महिने वाफा करडा दिसतो आणि भिंतीलगत वाळलेलं गवत हे आगीच्या दृष्टीने बरं नाही. ठरलं असं की लाल पेनिसेटम फेब्रुवारीअखेर वीतभर ठेवून कापायचं, आणि वाळा जूनच्या तोंडावर. वाळा उन्हाळ्यातही ओल्या टोकाला असल्याने बराचसा हिरवाच राहतो, त्याला घाई नाही. दोन्ही एकदम कापले जात नाहीत, त्यामुळे पूर्ण वाफा कधीच उघडा पडत नाही.

निर्णय चौथा: कुर्डू

वाफा खणताना कुर्डूची रोपं आली होती. माळीकाका उपटणार तेवढ्यात आई म्हणाल्या, “राहू दे रे. कोवळी आहेत तोवर भाजी करू, उरलेल्याला तुरे येऊ देत.” मला ही सूचना फार मोलाची वाटली. कुर्डू आपल्याकडे बांधावर, माळावर गवतातच वाढतो. टोकाला गुलाबी, खाली पांढरट होत जाणारा त्याचा तुरा पेनिसेटमच्या जांभळट तुऱ्याशेजारी इतका बसतो की विकत आणून अशी जोडी जमली नसती. वहिनींची शंका रास्त होती: शेजारी म्हणतील तण माजलंय. तोडगा असा निघाला की कुर्डू एकेकटा न ठेवता तीन ठिकाणी झुबक्यात ठेवायचा आणि वाफ्याची पुढची कड विटांनी रेखीव बांधायची. कड नीट असली की आतलं रानटीपण मुद्दाम केलेलं दिसतं.

काय केलं

जूनमध्ये उत्तरेचे पंचवीस फूट विटांची कड बांधून नऊ इंच उचलले. भर म्हणून तिथलीच माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत. नुसती वाळू मिसळली नाही, कारण चिकण मातीत थोडी वाळू घालून निचरा सुधारत नाही. ठिबकच्या दोन वेगळ्या ओळी केल्या, प्रत्येकीला स्वतंत्र कॉक. १९:१९:१९ या वाफ्यात पूर्ण बंद. वर्षाकाठी पावसाच्या तोंडावर शेणखताचा पातळ थर, एवढंच.

जुलैच्या सुरुवातीला, चांगला पाऊस झाल्यावर लागवड केली. पेनिसेटमचे ठोंब फोडून अडीच-अडीच फुटांवर लावले. लागवडीच्या दिवशी ही अंतरं उजाड दिसतात आणि घरचे मधे आणखी काहीतरी लावायला धावतात, तसं इथेही झालं. पण ठोंब एका पावसाळ्यात तीन फुटी कमान करतो. सोबतीचं झाड ठोंबाच्या मध्यापासून दीड फुटाच्या आत घेतलं की ते पात्यांखाली गुदमरतं.

पुढच्या कडेला पावसाळी लिलीचे कंद, त्यामागे गलांडा आणि सदाफुली, ठोंबांच्या अध्येमध्ये पिवळा कॉसमॉस बी टाकून. दसऱ्यासाठी झेंडूची एक ओळ आईंच्या आग्रहाने. ऑक्टोबरअखेर निळ्या साल्व्हियाची रोपं, म्हणजे थंडीत गवत फिकं, वाळकट पिवळं होतं तेव्हा त्याच्यासमोर निळ्या काड्या उभ्या राहतील.

काय झालं

गवत उभं राहिलं, हा सगळ्यांत मोठा बदल. पावसात तुरे भिजून वाकले तरी वाळल्यावर परत वर आले. सुतळी लागली नाही. पानांचा लाल रंगही गडद झाला.

कॉसमॉसने पहिल्या पावसाळ्यात वाफा डोक्यावर घेतला. बी दाट पडलं होतं. ऑगस्टअखेर तो ठोंबांपेक्षा उंच झाला आणि त्याच्या सावलीतले दोन ठोंब एका बाजूला कलले. निम्म्याहून जास्त कॉसमॉस उपटावा लागला. दुसऱ्या वर्षी तो आपोआप उगवला, तेव्हा रोपं बोटभर असतानाच विरळणी केली, दोन फुटांना एक. आता तो बेताने राहतो.

माळीकाकांनी सप्टेंबरमध्ये पावसाळी लिलीची बरीच पाती लव्हाळा समजून उपटली. फूल नसताना लिली आणि लव्हाळा सारखेच दिसतात. नंतर आईंनीच त्यांना खूण दाखवली: पाती गोळा होतात तिथे बुडाशी चिमटीत धरून फिरवायचं, लव्हाळ्याचा दांडा तिधारी लागतो आणि बोटांत अडकत-अडकत फिरतो. लिलीचं पान चपटं, मांसल, आणि बुडाशी पांढरा कंद. तेव्हापासून खुरपं बाजूला ठेवून आधी चिमटीत धरून बघायचं असं ठरलं.

गलांडा उत्तरेच्या भागात जोरात. उंचवटा जिथे संपतो तिथली काही रोपं मात्र पावसाळ्यात कुजली. सदाफुली पूर्ण टिकली आणि मार्च ते जून तिनेच वाफा सांभाळला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पेनिसेटम निस्तेज झालं, पण मेलं नाही. निफाडकडे पारा जितका उतरतो तितका शहरात सहसा उतरत नाही, ते पथ्यावर पडलं. साल्व्हियाचा निळा आणि वाळलेल्या तुऱ्यांचा रंग ही जोडी वहिनींना सगळ्यांत आवडली, आणि ती त्या मूळच्या फोटोंच्या जवळ जाणारी होती.

मे महिन्यात उत्तरेच्या भागाला आठवड्यातून दोनदा पाणी पुरलं. दक्षिणेच्या टोकाला धुण्याच्या पाण्यावरच भागलं.

पुन्हा करायचं तर

लव्हाळ्याचं काम लागवडीआधीच्या उन्हाळ्यात व्हायला हवं. इथे कुटुंबाने निर्णय घेतला तेव्हा जून उजाडला होता, त्यामुळे खणताना हाती लागल्या तेवढ्याच त्याच्या जमिनीतल्या गाठी निघाल्या. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पारदर्शक प्लास्टिक अंथरलं तर तणांचं बरंचसं बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी तेवढ्याने पूर्ण संपत नाहीत, त्या खणून वेचाव्याच लागतात, पण मोकळ्या वाफ्यात ते शक्य असतं. ठोंबांच्या मुळांत एकदा गाठी शिरल्या की ठोंब उचलून, मुळं धुऊन लावण्याशिवाय इलाज नाही. दोन ठोंबांबाबत ती वेळ आलीच.

गवत नर्सरीतून घ्यायचं तर ऑगस्टनंतर, तुरे आलेले असताना, लाल पान डोळ्यांनी बघून घ्यावं. फेब्रुवारीत कापलेले ठोंब घेतले तर हिरवं की लाल हे कळत नाही.

पहिल्या वर्षी फक्त गवत लावून, ते कुठवर पसरतं ते बघून दुसऱ्या वर्षी सोबत भरावी का, यावर मी बराच विचार केला. झाडांच्या दृष्टीने तेच बरं. पण आधीच वैतागलेल्या घरात एक पूर्ण वर्ष अर्धा रिकामा वाफा ठेवला असता तर गवत बहुधा उपटलंच गेलं असतं. अशा वेळी पहिल्या वर्षी मधल्या जागा झेंडू, कॉसमॉससारख्या एका हंगामाच्या झाडांनी भराव्यात आणि कायमची झाडं दुसऱ्या पावसाळ्यात लावावीत. सदाफुली आणि गलांडा थोडे थांबले असते तरी चाललं असतं.

उंचवटा पूर्ण पंचवीस फूट सारखा हवा होता. शेवटच्या तीन फुटांत तो उतरता ठेवल्यामुळेच तिथला गलांडा गेला. तिथे आता कोरफड न लावता कर्दळीची बुटकी जात पुढे सरकवायची आहे.

वाळ्याची पाती कडेला धारदार असते आणि वाफ्याच्या त्या टोकाला वाट अगदी लागून जाते. मुलांच्या पायांना ओरखडे आले. पुढच्या जूनमध्ये पुढची वाळ्याची ओळ उचलायची ठरलं आहे. ते ठोंब फोडून धाकटे भाऊ दिंडोरीला नेणार आहेत, शेताच्या उताराच्या बांधावर माती धरायला ते उपयोगी पडतील. इथे मोकळी होणारी दोन फूट जागा मोकळीच ठेवायची असं मी सुचवलं आहे. वहिनींना तिथे पावसाळी लिली हवी आहे, आणि ती तिथे चालेल.